रॉ म्हणजे कच्चा माल

भिलाईच्या कॅम्प दोनमध्ये गुलाब गजभियेंचं घर विचारलं की लोक उलट विचारतात, "कोणते गुलाब? गोरे करणारे?" गुलाबराव स्वतः चांगले सावळे आहेत आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. पण दुर्ग-भिलाईतल्या हजारभर पोरींची लग्नं आपण पेन्सिलीच्या टोकावर जुळवली, असं ते छातीठोकपणे सांगतात. स्थळासाठी पाठवायच्या फोटोत मुलगी दोन छटा उजळ दिसली पाहिजे, गालावरचा डाग गेला पाहिजे, आणि तरी सासरच्यांना फसवल्यासारखं वाटता कामा नये, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. बासष्टाव्या वर्षीही हात थरथरत नाही, याचा त्यांना फार अभिमान.

त्यांचे वडील बळीराम भंडाऱ्यातल्या लाखांदूरकडचे. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हा गाव सोडून आले आणि जन्मभर 'रॉ मटेरियल'ला राहिले. रॉ मटेरियल म्हणजे कारखान्याचं ते आवार, जिथं खाणीतला लोखंडी दगड, चुनखडी, कोळसा उतरतो. बाप संध्याकाळी घरी यायचा तो डोक्यापासून चपलेपर्यंत तांबडा होऊन. गुलाबला कारखान्यात चिकटवायची बापाची फार इच्छा होती. पण पोरगा दुर्गला जुन्या बाजारात श्यामराव मास्तरांच्या स्टुडिओत जाऊन बसायला लागला आणि तिथलाच झाला. मास्तरांनी त्याला ब्लेडनं पेन्सिलीचं टोक सुईसारखं करायला शिकवलं, काचेवर निगेटिव्ह ठेवून तिच्यावर पेन्सिल फिरवून फोटोतला चेहरा उजळायला शिकवलं, आणि एक गोष्ट बजावून सांगितली: फोटो फाटू दे, हरवू दे, निगेटिव्हला धक्का लागता कामा नये. मास्तर गेल्यावर स्टुडिओतल्या निगेटिव्हचे सगळे पत्र्याचे डबे गुलाबराव रिक्षात घालून घरी घेऊन आले. कोण कुठली माणसं त्या डब्यांत आहेत, आता देवालाही ठाऊक नसेल. पण दर उन्हाळ्यात डबे उघडून, पुसून, पुन्हा बंद करून ठेवायचे हा नेम आहे.

पुढं कॉम्प्युटर आला. भल्याभल्यांचे स्टुडिओ बुडाले, गुलाबराव तरले. फोटो दुरुस्तीचं एक सॉफ्टवेअर त्यांनी एकदा शिकून घेतलं ते आजतागायत तेच चालू आहे. इंग्रजी अक्षरं त्यांना लागतात, अर्थ लागत नाही. म्हणून त्यांनी सगळं जागांवरून पाठ केलं. वरच्या पट्टीत डावीकडून तिसरं, मग खाली सातवं, मग उजवीकडं उघडेल त्यातलं दुसरं. या हिशेबानं त्यांचा हात इतका भरभर चालतो की शिकलेली पोरं तोंडात बोट घालतात. सुपेल्यातल्या एका दुकानात एकदा त्यांना नवं सॉफ्टवेअर दाखवलं होतं. तिथं सगळंच इकडचं तिकडं केलेलं. आपल्याच स्वयंपाकघरात कुणीतरी डबे हलवून ठेवावेत, तसं त्यांना झालं. शिवाय ते नवं सॉफ्टवेअर त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतही नव्हतं. मग कशाला हवं? त्यांचं काम अडत नव्हतं.

त्यांना एकुलती एक मुलगी, आम्रपाली. सव्वीस वर्षांची. बापानं फोटोत माणसं उजळायची, लेकीनं आधी ती कॅमेऱ्यात धरायची, अशी घरात वाटणी झालेली. लग्नं, वाढदिवस, कारखान्यातून निवृत्त होणाऱ्यांचे निरोपाचे कार्यक्रम, सगळीकडं ती स्कूटीवरून एकटी जाते. घरी आली की कॅमेऱ्यातलं कार्ड काढून बापाच्या हातावर ठेवते. कार्ड रिकामं करायचं, फोटो कॉम्प्युटरात भरायचे, जागा कमी पडली की साफसफाई करायची, हे खातं गुलाबरावांचं. त्या खात्यात लेकीनं कधी डोकावून पाहिलं नाही. तिला गरजच वाटली नाही.

दोन वर्षांमागं आम्रपालीनं नवा कॅमेरा घेतला आणि पहिल्याच दिवशी गुलाबराव चक्रावले. कार्डात प्रत्येक फोटोच्या जोडीला आणखी एक फाईल यायला लागली. फोटोचं नाव तेच, आकडा तोच, पण चित्र नाही. नुसता कोरा पांढरा कागद. उघडायला गेलं की पिवळा त्रिकोण आणि खाली इंग्रजीची एक ओळ. पिवळा त्रिकोण म्हणजे फाईल 'करप्ट', हे या धंद्यातलं लहान पोरही सांगेल. त्यांनी नाव बदलून पाहिलं, दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकून पाहिलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. त्रिकोण हटेना. सुपेल्यातल्या दुकानदारानं एका वाक्यात निकाल दिला: कॅमेरा नवा, सॉफ्टवेअर जुनं, ओळख पटत नाही.

अखेर एका सकाळी त्यांनी लेकीलाच विचारलं. ती स्कूटीवर बसायच्या तयारीत तोंडाला ओढणी गुंडाळत होती.

"का वो आमू, त्या कॅमेऱ्यातून फोटोसंगं एक-एक कोरा कागद येऊन राहिला. ते काय असते?"

"रॉ आहे बाबा ते," ओढणीच्या आतून ती म्हणाली. "रॉ. कच्चा माल. उसीसे फोटो बनता है." आणि गेली.

गुलाबरावांचं समाधान झालं. झालं म्हणजे पुरतंच झालं. रॉ काय असतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं, त्यांचा बाप जन्मभर रॉमध्ये मेला होता. कच्चा माल भट्टीत जातो, त्याचा रूळ होऊन बाहेर येतो, आणि रूळ झाल्यावर दगड शोधत कुणी बसत नाही. फोटो तर शेजारी तयार दिसतोच आहे. मग हा माल कॉम्प्युटरात ठेवून काय उपयोग? आणि जागा तरी किती खायचा! एक कोरा कागद म्हणजे तीन-चार फोटोंची जागा. तेव्हापासून दर रविवारी सकाळी विहारात वंदनेला जाऊन आले की ते कॉम्प्युटरपुढं बसायचे, आठवड्याचे सगळे कोरे कागद एकदम निवडायचे आणि पुसून टाकायचे. अगदी मन लावून. एखादा राहिला नाही ना, हे दोनदा बघून.

मला त्या पोरीचाही राग येतो. 'रॉ'च्या जागी तिनं 'निगेटिव्ह' एवढा एक शब्द वापरला असता तर हा माणूस ते कागद उशाखाली घेऊन झोपला असता. पण तिला तरी काय माहीत, की बाप असा अर्थ लावून बसेल?

यंदा मार्चमध्ये आम्रपाली अहिवाऱ्याला गेली होती, नात्यातल्या एका बारशाला. परतताना दुपारची वेळ, आणि रस्त्याच्या कडेला चुनखडीच्या गिट्टीचं एक क्रशर. जेवणाची सुट्टी झाली होती. बाया झाडाखाली बसलेल्या. झाडही पांढरं, बायाही पांढऱ्या, डबेसुद्धा पांढरे. त्यांच्यातली सुकवारो नावाची एक बाई हातपंपावर जाऊन तोंड धुऊन आली आणि उन्हात उभी राहिली. अंगावरची धूळ तशीच, लुगडं, केस, मान सगळं पांढरंफेक; आणि मधोमध तो एकच धुतलेला, काळासावळा, जिवंत चेहरा. कपाळाशी जिथं पाणी थांबलं तिथं काळ्या-पांढऱ्याची अशी साफ रेघ, की बघणाऱ्याची नजर तिथून हलू नये. आम्रपालीनं एकच फोटो घेतला. मग बायांशी गप्पा मारल्या, सुकवारोला सांगितलं की तुझा फोटो दिल्लीला पाठवणार, आणि घरी आली.

त्या दिवशी गुलाबराव दुर्गला गेले होते. म्हणून कार्ड तिनं स्वतःच कॉम्प्युटरात भरलं आणि तासभर तिथंच फोटो बघत बसली. दोन दिवसांनी गुलाबरावांनी त्या फोल्डरमध्ये तो फोटो पाहिला आणि बघतच राहिले. पाठीवर थाप मारून लेकीला म्हणाले, "हात बसला वो तुझा!" ती लाजली. पुढच्या रविवारी त्यांनी नेहमीप्रमाणे साफसफाई केली.

दिल्लीतली एक संस्था वर्षभर बारा जणांना जवळ ठेवून फोटोग्राफी शिकवते. आम्रपालीनं तिथं आपले फोटो पाठवले होते. लग्नाच्या मांडवाबाहेरचं जग बघायची तिची ती पहिली धडपड, आणि मेच्या मध्यावर तिकडून ईमेल आला की तुमची निवड जवळजवळ झाली आहे. अहिवाऱ्याचा फोटो सगळ्यांना फार आवडला. मात्र काहींना शंका आहे की त्यातला चेहरा नंतर बसवलेला असावा. तरी त्या फोटोची मूळ रॉ फाईल दहा दिवसांत पाठवावी.

ती हसत हसतच स्वयंपाकघरात आली. "ऐकून राहिले का बाबा? त्या लोकाईले वाटते मी चेहरा चिपकवला! काई नाही, तुमच्या कॉम्प्युटरात अहिवाऱ्याचं फोल्डर आहे ना, त्यातली रॉ काढून द्या मले. रॉ पाह्यली की बोलती बंद. त्याच्यात कोणी काई करूच शकत नाही. जशी निगेटिव्ह असते ना तुमची, बस, तशीच."

गुलाबरावांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी नीट खाली ठेवला. त्यांची बायको रुक्मा भाजी चिरता चिरता लेकीकडं कौतुकानं बघत होती, तिच्या काही लक्षात आलं नाही.

"देतो," ते म्हणाले. "शोधा लागन."

शोधायचं काय होतं? कधी, किती वाजता, कोणत्या रविवारी पुसली, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. 'जशी निगेटिव्ह' हे शब्द काही केल्या कानातून जाईनात. दोन वर्षं दर रविवारी ते हेच करत आले होते. लोकांच्या लग्नांच्या, बारशांच्या, निरोपांच्या, आणि आपल्या स्वतःच्या पोरीनं टिपलेल्या हरेक क्षणाच्या निगेटिव्ह त्यांनी आपल्या हातानं पुसल्या होत्या. कुणी दुसऱ्यानं असं केलं असतं तर त्यांनी त्याचं तोंड पाहिलं नसतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दुपारी ते जेवले नाहीत आणि पोट बिघडलं म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी आम्रपाली कामावर गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचा डबा सोडवला, चादरीत गुंडाळला आणि ऑटोत मांडीवर घेऊन दुर्गला मोहन नगरात गेले. तिथं धनंजयचं दुकान आहे. पुसलेलं परत आणून देण्यात तो वाकबगार. गुलाबरावांना तो काका म्हणतो. त्यानं डबा जोडला, काहीतरी चालू केलं आणि म्हणाला, "काका, बैठो. टाइम लगेगा."

चार तास ते बाकावर बसून होते. शेवटी पडद्यावर नावांची लांबलचक यादी आली. अहिवाऱ्याच्या फोटोचा आकडा दिसला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. धनंजयनं ती फाईल उघडली. त्याच्याकडं नवं सॉफ्टवेअर होतं. कोऱ्या कागदातून खरोखरच चित्र यायला लागलं. वर पांढरं आभाळ, मग पांढऱ्या झाडाचा शेंडा, फांद्या, आणि तिथंच चित्र तुटलं. खाली सगळी सपाट करडी पट्टी.

"उसकी जगह पे दूसरा डेटा आ गया, काका. किसी की शादी कॉपी की होगी आपने. ये नहीं आएगा अब."

"चेहरा तरी?"

"चेहरा नीचे था न. नहीं है."

गुलाबराव उठेनात. त्यांना बघून धनंजयला वाईट वाटलं असावं. बोलता बोलता त्यानं सांगितलं, की नव्या कॅमेऱ्याची रॉ जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही, ही अडचण सगळ्यांनाच आहे. म्हणून लोक ती एका साध्या जातीच्या फाईलमध्ये बदलून घेतात. तिला डीएनजी म्हणतात, ती बहुतेक ठिकाणी चालते. गुलाबरावांनी मान वर केली.

"आन् साधा फोटो टाकला त्याच्यात, तं त्याचीई डीएनजी होते?"

"हो जाती है. पर नाम की. अंदर तो जेपीजी ही रहेगा."

"वरून ओळखू येते?"

धनंजयनं त्यांच्याकडं जरा रोखून पाहिलं. "वरून नहीं. कोई खोल के बारीकी से देखे तो पकड़ लेगा. किसको देना है, काका?"

"कोणाले नाही. ठेवाले पाहिजे," गुलाबराव म्हणाले. अहिवाऱ्याचा तयार फोटो त्यांनी त्याला दाखवला आणि त्याची डीएनजी पेनड्राइव्हमध्ये घेतली.

आता इथं कुणी म्हणेल, की हा माणूस लबाड होता. तसं नाही. घरी आल्यावर चार-पाच दिवस पेनड्राइव्ह त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच होता. दोनदा ते सांगायला म्हणून लेकीजवळ गेले. एकदा ती फोनवर मैत्रिणीला दिल्लीच्या थंडीबद्दल विचारत होती. दुसऱ्यांदा ती त्यांच्याच कॉम्प्युटरपुढं उभी होती आणि आईला म्हणत होती, "बाबानं सगळं सांभाळून ठेवलं आहे, म्हणून टेन्शन नाही." हे ऐकल्यावर कुठल्या बापाचं तोंड उघडेल? आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, तिच्यामुळं त्यांना ती फाईल देणं फारसं पापही वाटत नव्हतं. ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती.

आठव्या दिवशी आम्रपालीच म्हणाली, "बाबा, दोनच दिवस राहिले. कावून शोधून नाही राहिले तुमी?"

त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून दिला. "घे. धनंजयनं बदलवून देली. नवी फाईल जुन्यात उघडत नाही म्हणते, म्हणून डीएनजी केली."

"अरे हां, चलता है डीएनजी," ती म्हणाली. उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. घरच्या कॉम्प्युटरवर उघडली असती, तरी तोच फोटो दिसला असता. बापानं दिली होती. तिनं मैत्रिणीच्या ऑफिसातून ती पाठवली आणि येताना आईसाठी जिलबी घेऊन आली.

पाच दिवसांनी उत्तर आलं. भर दुपारी, रुक्मा कूलरला पाणी घालत असताना. गुलाबराव खाटेवर पडले होते. लेक दारात उभी राहून फोन वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग अगदी सपाट आवाजात, एक एक वाक्य थांबून, तिनं त्यांना ते मराठीत सांगितलं. पाठवलेली फाईल मूळ नाही. साध्या फोटोला रॉचं रूप देऊन समितीची दिशाभूल करण्याचा प्रयत्न केला गेला आहे. त्यामुळं छायाचित्रही बनावट असल्याचं समिती मानते. निवड रद्द. पुढची पाच वर्षं आपला अर्ज घेतला जाणार नाही.

रुक्मा हातातला पाइप तसाच धरून उभी राहिली. पाणी जमिनीवर वाहू लागलं.

"बाबा, रॉ कुठी आहे?"

"पुसली."

"पुसली म्हणजे?"

"सगळ्याच पुसल्या, बेटा. दोन साल झाले. मले वाटलं, कच्चा माल..."

आम्रपाली खाली बसली. मग म्हणाली, "ठीक आहे. पुसल्या तं पुसल्या. माह्यीई गलती आहे, मी कधी पाह्यलंच नाही. पण मले सांगतलं असतं तं मी त्याईले लिहिलं असतं, की भाऊ, फाईल गेली. नसतं घेतलं, तं नसतं घेतलं. पण फोटो तं खरा राह्यला असता ना? खऱ्या फोटोले खोटी फाईल कावून लावली तुमी?"

गुलाबरावांना इथं काहीही सांगता आलं असतं. घाबरलो, तुझं नुकसान होईल असं वाटलं, धनंजयनं सुचवलं. यातलं निम्मं खरंही होतं आणि लेकीनं ते मान्य केलं असतं. पण बारा-तेरा दिवस खोटं बोलून हा माणूस थकून गेला होता.

"मले वाटलं..." ते म्हणाले, "मले वाटलं, तो फोटो तूच बनवला. कॉम्प्युटरवर. चेहरा तेवढा काळा करून."

"काय?"

"कपाळाची ती कड, आमू. इतकी साफ कड कॅमेऱ्यात येत नाही. चाळीस साल झाले, मले माहीत आहे. अशी कड हातानंच काढा लागते. मी म्हटलं, पोरीनं काय कटिंग केली! माह्याहून साफ. म्हणून तं म्हटलं होतं, हात बसला तुझा."

आम्रपाली त्यांच्याकडं बघत राहिली. ती रडेल, ओरडेल, असं रुक्माला वाटलं. तसं काही झालं नाही. दिल्लीतल्या लोकांनी खोटं म्हटलं ते तिनं पचवलं असतं. त्यांनी तिला पाहिलंही नव्हतं. हे मात्र तिच्या घरातलं, तिला सोळाव्या वर्षी पहिला कॅमेरा हातात देणारं माणूस होतं, आणि त्यानं तिच्या त्या फोटोवर एक दिवसही विश्वास ठेवला नव्हता. वर तिचं कौतुक केलं होतं. ती उठली आणि पाण्यातून चालत आत गेली.

त्या आठवड्यात एका लग्नाचं काम होतं. ते करून आल्यावर तिनं कार्ड बापाच्या हातावर ठेवलं नाही. पर्समध्येच ठेवलं. गुलाबरावांनी मागितलं नाही. आलेल्या रविवारी ते विहारातून घरी आले, कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीवर बसले, आणि काहीच न करता उठले.

सोमवारी सकाळी मात्र ती त्यांच्यासमोर येऊन म्हणाली, "चला बाबा. बसा गाडीवर."

"कुठी?"

"अहिवाऱ्याले."

स्कूटीवर मागं बसून ते गेले. अहिवाऱ्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेची झाडं पांढरी व्हायला लागली. क्रशर धडधडत होतं. आम्रपालीनं गाडी सावलीला लावली आणि ते दोघं जेवणाच्या सुट्टीची वाट बघत उभे राहिले. बाराला आवाज थांबला. बाया झाडाखाली आल्या. त्यांच्यातली एक हातपंपाकडं गेली, वाकली, ओंजळीनं चार-पाच वेळा तोंडावर पाणी मारलं, आणि उन्हात येऊन ताठ उभी राहिली.

गुलाबराव चार पावलं पुढं गेले. मग आणखी चार. बाई त्यांच्याकडं नवलानं बघायला लागली, पण त्यांना भान नव्हतं. सगळी बाई पांढरी होती आणि चेहरा तेवढा सावळा, ओला, चकाकणारा. केसांच्या अलीकडं, कपाळावर, जिथं पाणी थांबलं होतं, तिथं ती कड होती. फोटोतल्यापेक्षाही साफ. चाळीस वर्षं काळ्या माणसांना गोरं करताना असं काही उन्हात नुसतं उभं राहून दिसू शकतं, हे त्यांना कधी सुचलंही नव्हतं.

"ए दे, फोटोवाली नोनी आगे!" सुकवारोनं आम्रपालीला ओळखलं आणि ती मोठ्यानं हसली. "मोर फोटो के का होइस? दिल्ली गिस?" माझ्या फोटोचं काय झालं, दिल्लीला गेला का, असं ती छत्तीसगढीत विचारत होती.

आम्रपालीनं बापाकडं पाहिलं.

गुलाबरावांनी हात जोडले. "गया था, बाई," ते म्हणाले. "सच्चा फोटो था. मैंने झूठा कर दिया."

सुकवारोला त्यातलं काही कळलं नाही. फोटो बिघडला एवढंच तिला समजलं. "त का होगे? फेर खींच ले न," ती म्हणाली. परत काढ, त्यात काय एवढं. चेहरा कुठं पळून जातो आहे? तिनं ओले हात लुगड्याला पुसले, मान जरा वर केली, आणि फोटोसाठी उभं राहतात तशी उन्हात उभी राहिली.

ती बरीच उभी होती. तेव्हा कुठं गुलाबरावांच्या लक्षात आलं, की लेकीनं कॅमेरा आणलाच नव्हता.